हजार समुद्र, एक खूण

सन २०४४. त्या वर्षी आमच्या वेळणे गावच्या किनाऱ्यावर तारली मासळी येईनाशी होऊन सहा वर्षं झाली होती, आणि तरीही गावात कुणी फारसं काळजीत नव्हतं. ती कधी परत येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बंदरावरच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेलंच होतं: '२०४६पासून अनुकूल'. ते आमच्या मशीननं सांगितलं होतं, आणि गावाच्या लेखी ते मशीन माझं होतं. बाजारात मासळीवाल्या मला हाक मारून विचारायच्या, "गो हर्षदा, तुझा मशीन बरा आसा मा?" जशी कुणी माझ्या मुलाची चौकशी करावी.

आज मी ऐंशी ओलांडली आहे. ते मशीन आता नाही, ते केंद्र नाही, तो फळाही नाही. पण त्या वर्षीचा श्रावण मला अजून तुकड्या-तुकड्यांनी दिसतो, पाण्याखालून दिसावा तसा: जवळ वाटतो, हात घातला की खोल जातो.

मालवणच्या दक्षिणेला वेळणे. तिथं आमची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी अर्धगोल फिरून समुद्रात जाळं सोडत येते, आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या वाळूत उभी राहून सगळी माणसं ओढतात. आमच्या रापणीचा एकच कायदा होता: ज्याचा हात दोरीला लागला, त्याला वाटा. मग तो जाळ्याचा मालक असो, नाहीतर रस्त्यानं जाणारा पोस्टमन असो. रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, आधी आमचे वडील, आबा होते. त्यांच्यामागं माझा मोठा भाऊ गुरुनाथ तांडेल झाला. तो जाळं शिवायला शिकला, मी शाळेत गेले. आबांनी आम्हां दोघांना दोन बाजूंच्या दोऱ्या धरायला दिल्या असं मला नेहमी वाटायचं.

माझी दोरी मला रत्नागिरीच्या कातळावर घेऊन गेली. तिथं तेव्हा 'दोलन केंद्र' होतं.

समुद्र झुलतो, हे सगळ्यांना ठाऊक नसतं. लाटांबद्दल किंवा भरती-ओहोटीबद्दल मी बोलत नाहीये. परातीत पाणी घेऊन ती हलकेच तिरकी केली तर पाणी एकदा या काठाला, एकदा त्या काठाला जातं. उष्ण कटिबंधातले महासागर तसेच करतात, फक्त अतिशय सावकाश. काही वर्षं हिंदी महासागराचं पश्चिमेकडचं टोक अधिक तापतं, काही वर्षं पूर्वेकडचं. प्रशांत महासागराचं झुलणं वेगळं, आणि दोघं एकमेकांना ढकलत असतात. या झुलण्यावर पुष्कळ गोष्टी ठरतात. आमच्या किनाऱ्यापुरतं सांगायचं तर खालचं थंड, खाद्यानं भरलेलं पाणी वर येणार की नाही, हे त्यावर ठरतं. ते वर आलं की तारलीचे थवे येतात, आणि समुद्रावर चांदीची चादर हलते.

प्रश्न एवढाच असतो, की हे झुलणं आहे, की झुलता-झुलता समुद्र एकीकडे सरकतोय? झुलणं असेल तर वाट पाहायची. सरकणं असेल तर वाट पाहणं वाया. आणि हे ओळखायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. थर्मामीटरच्या नोंदी जेमतेम दीड-दोनशे वर्षांच्या, आणि त्याही तुटक. म्हणून आम्ही पोवळ्यांकडे जायचो. लक्षद्वीपच्या पाण्यातली पोवळी झाडासारखी दरवर्षी एक वलय वाढवतात, आणि त्या वर्षी पाणी किती ऊन होतं ते त्या वलयात राहून जातं. त्यांतला गाभा काढायला गेलं की हाताला खडूसारखी पूड लागते. तिला समुद्राचा वास येत नाही. जुन्या घराचा येतो.

हे सगळं आम्ही मशीनला खाऊ घालायचो, आणि मशीन समुद्र तयार करायचं. एक नाही, हजार. खऱ्या समुद्रासारखेच झुलणारे, त्याच वाऱ्यांचे, पण खोटे. आमच्या समुद्राचा तोल गेलासा वाटला, तर त्या हजारांतल्या कितींचा तोल असा सहज, योगायोगानं जातो आणि परत सावरतो, हे पाहायचं. पुष्कळांचा सावरत असेल, तर घाबरायचं कारण नाही. दुपारच्या वेळी मी ते समुद्र पडद्यावर सोडून द्यायची आणि नुसती बघत बसायची. निळे, नारिंगी, पुन्हा निळे. त्यांत कुठंही माणूस नव्हता. तरी एकेका समुद्राच्या काठाशी मला आमचं वेळणे दिसायचं, दोरीवर वाकलेली माणसं दिसायची.

केंद्राच्या प्रमुख होत्या रेगेबाई. डॉक्टर वसुधा रेगे. मशीनचं सगळं डोकं त्यांचं. बाईंच्या चष्म्याची एक काडी कायम दोऱ्यानं बांधलेली असे. हजारांतल्या बहुतेक समुद्रांनी परत फिरायचं ठरवलं, तेव्हा बाईंनीच फळ्याफळ्यावर ते वर्ष लिहायला परवानगी दिली होती.

त्या वर्षी आषाढात मी घरी गेले, तेव्हा दादा पडवीत बसून चहा बशीत ओतत होता. सरकारनं रापणीवाल्यांपुढं एक गोष्ट ठेवली होती. आमच्या खाडीच्या तोंडाशी तराफे टाकून, त्यांना दोऱ्या लटकवून शिनाणे वाढवायचे. कालवांचे भाऊबंद ते, काळ्या-हिरव्या शिंपल्यांतले. पाण्याची ती जागा आधी गावच्या रापणीला मिळणार, पण त्या बदल्यात रापण कायमची उचलायची. नारळी पौर्णिमेपर्यंत होकार आला नाही, तर जागा बाहेरच्या कंपनीला जाणार.

"मग?" मी विचारलं.

"मगे काय? मी तेंका सांगलंय, आमची तारली सेहेचाळीसाक येतली. दोन वर्सा कळ काढू. आबांची रापण उचलून मी शिंपल्ये सुकवत बसू?" दादा हसला. "सायेब म्हणता, कशावरून येणार? मी म्हटलंय, माझी भैण समुद्र बनवता. एक नाय, हजार!"

प्रणालीवहिनी दारातून म्हणाली, "सगळ्या गावाक ह्याच सांगत फिरतत. माका भैण असती तर मी पण फिरलंय असतंय."

मी हसले. मला बरंच वाटलं होतं.

परत आले तो आमच्या केंद्रातला शिऱ्याचा दिवस होता. त्याची गंमत सांगते. पाणी किती तापलं हे आम्ही थेट मोजत नसू. गेल्या तीस वर्षांच्या सरासरीपेक्षा किती जास्त, किती कमी, असा फरक काढायचो, आणि मशीनला तो फरक द्यायचो. नुसतं झुलणं दिसावं, जग सावकाश तापतंय ते मधे लुडबुडू नये, म्हणून. ती तीस वर्षं दर वर्षी एक घर पुढं सरकवायची, जुनं वर्ष सोडायचं, नवं घ्यायचं, आणि त्या दिवशी कँटीनमध्ये शिरा व्हायचा. ही प्रथा कुणी पाडली कुणास ठाऊक. सगळे त्याला 'सरासरीचा शिरा' म्हणत.

शिऱ्याची बशी मांडीवर ठेवून मी आलेख बघत होते. सरासरी सरकली, आणि गेल्या सहा वाईट वर्षांची रेघ माझ्या डोळ्यांदेखत किंचित खाली आली. तारलीच्या बाजूला, चांगल्याकडे. समुद्रात काहीही झालं नव्हतं. बाहेर तेच मळकट पाणी होतं.

खिडकीतून वारा येत होता. माझा डोळा लागला असावा. मला होडी दिसली.

मी नऊ वर्षांची असेन, दादा तेराचा. आबांनी खाडीच्या तोंडाबाहेर होडी नांगरली होती आणि ते दुसऱ्या होडीतून जाळं बघायला गेले होते. जाताना त्यांनी सांगितलं, "झोपा नको. नांगर ओढताहा काय बघीत ऱ्हवा." नांगरलेली होडी एका जागी राहत नाही. ती नांगराभोवती झुलते, इकडे जाते, तिकडे जाते. तळाची वाळू सुटली तर नांगर ओढला जातो आणि होडी झुलता-झुलताच निघून जाते. ओळखायची रीत आबांनी शिकवली होती. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागं एक धरायच्या. आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. वाळूवरचा पांढरा क्रूस, आणि त्याच्या मागं टेकडीवरची वेतोबाच्या देवळाची दीपमाळ. दोन्ही एका रेषेत आल्या की आपण जागेवर. झुलताना त्या उघडतात, पण पुन्हा मिटतात. मिटल्या नाहीत की समजायचं, निघालो.

पण त्या दिवशी धुकं होतं. किनारा दिसत नव्हता. दादा म्हणाला, "पास्कूची होडी आसा मा बाजूक. तिच्याकडे बघ. ती हंयच आसा म्हंजे आपण पण हंयच." पास्कू फर्नांडिस, दादाचा दोस्त, शेजारच्या होडीत आडवा पडून शीळ घालत होता. त्याची होडी आमच्या बाजूला, आमची त्याच्या बाजूला. हलत नव्हती. किती शांत होतं ते! पाणी लोण्यासारखं, शीळ कापसासारखी. मला आयुष्यात इतकं सुरक्षित पुन्हा कधी वाटलं नाही.

धुकं विरलं तेव्हा किनाराच नव्हता. दोन्ही नांगर सुटले होते आणि आम्ही दोन होड्या एकमेकींना खूण मानून शेजारी-शेजारी समुद्रात निघालो होतो. आबा वल्हवत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, मी दादाच्या पाठीत तोंड खुपसलं होतं.

जाग आली तेव्हा शिरा गार झाला होता. आमची सरासरी म्हणजे पास्कूची होडी होती. ती आमच्याबरोबरच वाहत होती.

पुढचे दिवस मी खोलीवर गेलेच नाही म्हटलं तरी चालेल. सगळ्या नोंदी मी पुन्हा घातल्या, पण या वेळी फरक काढून नाही, जशाच्या तशा. आणि खूण म्हणून धरलं एक मेलेलं पोवळं. लक्षद्वीपला एका खडकाच्या पोटात सापडलेलं, जहाजांवर शिडं असतानाच्या काळातलं. ते कुठं जाणार नव्हतं. मग मशीनला सांगितलं, नुसते झुलणारे, न सरकणारे हजार समुद्र बनव. आणि आपला समुद्र सरकलाय इतका त्यांतला एक तरी योगायोगानं सरकतो का, पाहा.

एकही सरकला नाही.

आमचा समुद्र अजून झुलत होता, हेच फसवं होतं. झुलण्याचा मध्यच जागा सोडून निघाला होता. थंड पाणी वर येण्याची वेळ, जागा, सगळं उत्तरेकडे आणि खोल गेलं होतं. २०४६ला समुद्र परत झुलणार होता, अगदी भाकितातल्यासारखा, पण आमच्या किनाऱ्यापर्यंत पोचणार नव्हता.

रेगेबाईंनी सगळं पाहिलं. चष्मा काढून काडीचा दोरा सोडला, पुन्हा बांधला.

"बरोबर दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवं. परदेशात पाठवू. वर्षभरात उत्तर येईल."

"नारळी पौर्णिमा पुढच्या आठवड्यात आहे बाई."

"हर्षदा, प्रत्येक बंदरावर आपलं भाकीत लिहिलंय. पुसायला एक ओलं फडकं पुरतं. पण त्यानंतर आपण लिहू ते वाचायला कुणी थांबेल का?"

"माझा भाऊ फळा वाचत नाही. तो माझं ऐकतो."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचं पंधरा वर्षांचं काम त्या खिडकीबाहेर पसरलेलं होतं.

"आणि तूच चुकत असलीस तर? तू रापण उचलायला लावशील, आणि सेहेचाळीस साली तारली येईल."

"तर दादा माझ्याशी मरेपर्यंत बोलणार नाही."

"जा," त्या म्हणाल्या. "रेगेबाईंनी पाठवलं असं सांगू नकोस. अडवलं असंही सांगू नकोस."

मी पोचले तेव्हा दादा होडीच्या सावलीत बसून जाळं सांधत होता. सहा वर्षं ज्यात तारली आली नव्हती ते जाळं तो दर श्रावणात सांधायचा.

"इलंस?" तो म्हणाला. "सुट्टी नाय, सण नाय. कोण मेला काय?"

"कोण नाय मेला. दादा, तारली येवची नाय."

त्याची सुई थांबली नाही. "यंदा नाय. सेहेचाळीसाक येतली."

"सेहेचाळीसाक पण नाय. आपल्याकडे ती आता येवचीच नाय."

"म्हंजे मशीन चुकला?"

"मशीन नाय. आमी चुकलाव."

"आमी म्हंजे कोण?"

"आमी सगळी."

"सगळी म्हटला काय कोणाचीच चूक नाय." आता सुई थांबली. "बाय, गावातल्या माणसांका मी घराघरान जावन सांगलंय. सायबाच्या तोंडार सांगलंय. आता जावन काय सांगू? माझी भैण तेव्हा तसा म्हणी होती, आता असा म्हणता? हजार समुद्र बनवलंस, त्यातलो एक तरी आमका दी गो!"

वहिनी चहा घेऊन आली होती, ती तिथंच उभी राहिली. माझ्या पिशवीत आलेख होते. ते मी बाहेर काढले नाहीत.

"दादा, पास्कूची होडी आठावता?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग समुद्राकडे. मी सांगत गेले. तीस वर्षांची सरासरी, ती दरवर्षी कशी सरकवायची, आम्ही तिच्याकडे बघून कसं म्हणायचो, की ती इथंच आहे म्हणजे आपणही इथंच आहोत. मला आता वाटतं, मी फार भराभर बोलले. पण त्याला वेळ लागला नाही.

"तुमी पास्कूच्या होडयेर खूण धरलास?"

"होय."

"इतकी शिकान?"

आणि तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि कुठल्या क्षणी ते हसणं राहिलं नाही ते मला कळलं नाही. जाळ्याचा पदर त्यानं तोंडाशी धरला होता.

मग तो पदर खाली ठेवून म्हणाला, "मगे आता धरलंस ती खूण कसली?"

"एक मेलला पोवळा. हलणारा नाय."

"किती ओढलो गेलाव आपण?"

"वल्हवून परत येवक जमाचा नाय, इतके."

लाट आली, गेली. मग वहिनीनं चहाचे पेले वाळूवर ठेवले आणि साडीचा पदर खोचत, जणू काही भात उतरवायचा आहे अशा आवाजात म्हणाली, "तर मगे जंय आसंव थंयच नांगर टाकूचो. आणखी काय करतलास?"

नारळी पौर्णिमेच्या सकाळी वेळण्याची रापण शेवटची पडली. मासळीसाठी नाही, ते सगळ्यांना माहीत होतं. तरी मुंबईहून, गोव्याहून माणसं आली. पास्कू फर्नांडिस आला. त्याचे गुडघे गेले होते, त्याला खुर्चीवर बसवून दोरी हातात दिली. रेगेबाई आल्या. त्यांनी चप्पल काढून वाळूत पाय रोवले आणि माझ्यामागं दोरी धरली. जाळं आलं ते हलकं आलं. थोडे बारीक पेडवे मासे, एक खेकडा, आणि शेवाळ. दादानं तेवढ्याचेही वाटे घातले. बाईंच्या वाट्याला दोन पेडवे आले, ते त्यांनी रुमालात बांधून घेतले.

मग दादानं कोयता घेतला. आम्हांला वाटलं जाळं कापतोय. त्यानं जाळ्याला हात लावला नाही. दोऱ्या कापल्या. आबांच्या वेळेपासून माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या त्या लांब दोऱ्या त्यानं वाव-वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढ्या, कापून वाटल्या, ज्याचा हात लागला होता त्या प्रत्येकाला एक. "तराफ्याक ह्योच बांधूच्यो," तो म्हणाला. "आणि कायदो तोच."

होकार संध्याकाळी गेला.

शिनाण्यांचं बी त्या दोऱ्यांवर सुती जाळीत गुंडाळून पाण्यात सोडलं. दोन वर्षांनी, सेहेचाळीस साली, समुद्र मशीननं सांगितला तसा झुलला. तारली आली नाही. तिच्या चांदीच्या चादरी पार उत्तरेला दिसल्याच्या बातम्या आल्या. त्या दिवशी दादाचा फोन आला. "बरोबर सांगलंस," एवढंच म्हणाला. ते ऐकून मला इतकं रडू आलं की मलाच नवल वाटलं. मनातून मी चुकले असावे असंच मला हवं होतं.

रेगेबाईंनी स्वतःच्या नावानं चूक छापली, आणि पुढं दोलन केंद्र बंद होईपर्यंत शिऱ्याच्या दिवशी सरासरी सरकली नाही, नुसता शिरा झाला. निवृत्तीनंतर त्या वेळण्यालाच एक खोली घेऊन राहिल्या आणि तिथंच गेल्या. चष्म्याची काडी शेवटपर्यंत त्यांनी बदलली नाही.

पास्कू रापण उचलली त्याच वर्षी नाताळात गेला. त्याच्या शवपेटीत त्याच्या वाट्याची दोरी ठेवली.

प्रणालीवहिनी तराफ्यांची पहिली तांडेल झाली. बायकांना तांडेल म्हणायची पद्धत नव्हती. तिनं पाडली. वहिनी अजून आहे. माझ्याहून मोठी, आणि माझ्यापेक्षा भराभर चालते. शिनाणे काढायच्या दिवशी पोस्टमनला वाटा अजून मिळतो.

दादाला पुढं डोळ्यांनी कमी दिसू लागलं. केंद्र बंद झालं तेव्हा मी त्या हजारांतला एक समुद्र लहानशा पडद्यात घालून घरी आणला होता. न सरकणाऱ्यांतला. दादा संध्याकाळी तो मांडीवर घेऊन बसायचा, त्याला रंग तेवढे कळत. एकदा म्हणाला,

"हेच्यात तारली येता?"

"येता. जाता, परत येता."

"आणि मी खंय आसय हेच्यात?"

"हंय," मी त्याचं बोट धरून पडद्याच्या काठावर ठेवलं. "दोरी ओढतंस."

"आणि तू?"

"पलीकडच्या दोरीक."

त्यानं बोट तिथंच ठेवलं. पुढच्या वैशाखात तो गेला.

तो समुद्र अजून चालू आहे, मी बंद करत नाही. वेळण्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघडा पडणारा एक दगड आहे, तिथून क्रूस आणि दीपमाळ एका रेषेत दिसतात. भरतीला क्रूसाच्या पायरीवर आता पाणी चढतं. मी रोज तिथं जाऊन बसते. खुणा मिटलेल्या असतात. मी जागेवर असते. पाणी तेवढं गेल्या वर्षीपेक्षा थोडं जवळ आलेलं असतं.